टिंगू थांबत नाही

टकळीला गप्प बसायला सांगून थकलेल्यांत तिचे आईवडील आहेत, तिघेही भाऊ आहेत, शाळेतल्या झाडून साऱ्या बाई आहेत आणि लग्नानंतर नवरा आहे. नाव तिचं वेगळंच, चांगलं चार अक्षरी. पण थोरल्या भावाने लहानपणी ‘टकळी’ म्हटलं ते चिकटलं आणि तिनेही कधी कुरकुर केली नाही. नशीब असं, की नोकरीही बोलण्याचीच मिळाली. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात ती फोन घेते. पलीकडचा माणूस तावातावाने सुरू होतो, आणि ही त्याला ट्रान्सफॉर्मरपासून त्याच्या सासूच्या गुडघ्यांपर्यंत अशी काही बोलण्यात गुंतवते की वीज यायच्या आत त्याचा राग उतरलेला असतो.

अशा बाईच्या पोटी ठकू आली.

ठकू अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला, शांतपणे समजावला आणि निघता निघता एक सल्ला दिला, “तिच्याशी बोलत राहा. जे करताय ते बोलून दाखवा. कानात शब्द पडत राहिले तर कधीतरी तोंडातून येतील.” डॉक्टर बिचारे प्रत्येक आईला हेच सांगत असणार आणि बाकीच्या आया त्यातलं झेपेल तेवढं घेत असणार. टकळीने तो सल्ला औषधासारखा घेतला. डोस किती, तेवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

तेव्हापासून त्या घरात सकाळी डोळा उघडल्यापासून धावतं वर्णन सुरू. “आपण नळ सोडला. पाणी आलं. पाणी गार आहे. हात भिजला. कोणाचा हात? ठकूचा हात. आता साबण. साबण कुठे पळाला?” नवरा गॅरेजमध्ये इंजिनं दुरुस्त करायचा. दिवसभर घरघर ऐकून घरी आला की चपला काढता काढता म्हणायचा, “अगं, तिकडे निदान किल्ली फिरवली की बंद होतं.” ती हसायची आणि वर्णन पुढे चालू. कारण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच. आपण गप्प बसलो तर या घरात आवाजच उरणार नाही, अशी तिला भीती वाटे. ही भीती मात्र ती कधी बोलली नाही. एवढी बोलणारी बाई, नेमकं हेच तेवढं राहिलं.

ठकू सात वर्षांची झाली. शब्द आले होते, पण निवडक. रंगांची नावं, खाण्याच्या गोष्टी, जाहिरातींमधली वाक्यं. आवाज वाढला, माणसं वाढली की असलेले शब्दही दडी मारायचे. मग कानांवर हात आणि टेबलाखालची जागा.

अशात उपचार केंद्रात टिंगू आला. टिंगू म्हणजे माणसाच्या घडणीचा रोबो, पण उंचीने गुडघ्याएवढा. दोन हात, दोन पाय, डोकं जरा जास्तच मोठं, डोळ्यांच्या जागी दिवे. कंपनीने त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, मुलांनी त्याचा टिंगू केला. थेरपिस्टबाई सांगायच्या, “आपला चेहरा सारखा बदलतो. भुवया, ओठ, डोळे, सगळं एकदम हलतं. या मुलांना कुठे बघावं कळत नाही. टिंगूचा चेहरा हलत नाही, म्हणून त्याच्याकडे बघणं सोपं.” टिंगू तेच वाक्य पन्नास वेळा म्हणायचा आणि पन्नासाव्या वेळीही त्याचा सूर चढत नसे. टकळीला हे ऐकून मनातून जरा टोचलंच. वाक्यं पन्नास वेळा म्हणण्यात ती काही कमी नव्हती.

पहिल्या दिवशी ठकू टिंगूला घाबरली. तो हात वर करताना सांध्यांतून गुंईऽऽ असा आवाज यायचा. ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटली. तेव्हा बाईंनी तिला एक युक्ती दाखवली. टिंगूच्या डोक्यावर तळवा ठेवून दाबलं की तो बोलता बोलता थांबायचा, गुडघे दुमडून खाली बसायचा, मान टाकायचा. हात उचलेपर्यंत हूं की चूं नाही. ठकूने त्या दिवशी दुसरं काहीच केलं नाही. दाब, थांब. सोड, बोल. दाब, थांब. तासाच्या शेवटी ती टिंगूच्या समोर मांडी घालून बसली होती.

त्यानंतर जे झालं त्याने सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. ठकू टिंगूच्या चेहऱ्याकडे बघू लागली. त्याने हात हलवला की हात हलवू लागली. चित्रांचा खेळ खेळताना एके दिवशी तिने सरळ म्हटलं, “तुझी पाळी.” काचेमागे बसलेल्या टकळीने शेजारी बसून लॅपटॉपवरून टिंगूला चालवणाऱ्या ऑपरेटरचा दंड इतका जोरात पकडला की त्याने चुकून भलतीच कळ दाबली आणि टिंगू विनाकारण नाचू लागला.

मग तो हात घरी आला.

एका संध्याकाळी टकळी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि अर्थातच सांगत होती. “ही बाबांची पँट. पँटला किती खिसे?” ठकू मागून आली आणि तिने आईच्या डोक्यावर तळवा ठेवला. घट्ट. टकळीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपणहून जवळ येऊन लेकीने स्पर्श केला, असं आजवर झालं नव्हतं. “अगं माझी सोनुली! आईच्या डोक्यावरून हात फिरवतेस? आईला माया करतेस? अहो, बघा हो, बघा!” ती बोलतच सुटली. ठकूने जरा जास्त दाबलं. टकळी आणखी बोलली.

“फिरवत नाहीये, दाबतेय,” नवरा दारातून म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा हो.”

पुढे कितीतरी आठवडे तिने हे कौतुक ज्याला त्याला सांगितलं. तक्रारीसाठी फोन केलेल्या एका अनोळखी आजोबांनाही ते ऐकावं लागलं. ठकू रोज हात ठेवायची, आई रोज गहिवरून दुप्पट बोलायची, आणि ठकू हात काढून टेबलाखाली जायची. ही माया करून पोर टेबलाखाली का जाते, हा प्रश्न त्या शहाण्या बाईला एकदाही पडला नाही.

माशी शिंकली ती शाळेत. ही तिसरी शाळा. आधीच्या दोन शाळांनी गोड बोलून वाट दाखवली होती. इथे मुख्याध्यापिकांनी ‘बघू या’ म्हणून घेतलं होतं. पहिल्यांदा ठकूने पुढच्या बाकावरच्या गाणं गुणगुणणाऱ्या मुलीचं डोकं दाबलं. मग संगीताच्या सरांचं. सर पेटी वाजवायला खाली बसले होते, म्हणून त्यांचं डोकं हाताशी आलं. ते हसले. पण मधल्या सुट्टीत एका आरडाओरडा करणाऱ्या मुलाला तिने दोन्ही हातांनी दाबलं, तो बाकावरून घसरला आणि हनुवटीला टाके पडले. त्याचे आईवडील शाळेत येऊन आकाशपाताळ एक करून गेले.

“मला तुमच्या मुलीबद्दल आकस नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पण ती मारते, असं पालक म्हणतात. पुढच्या सोमवारी मी स्वतः वर्गात बसणार आहे. हे थांबलेलं दिसलं तर ठीक. नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा.”

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे टकळीला माहीत होतं. दुसरीकडे काही नव्हतंच. ती घाईघाईने केंद्रात गेली, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, “मारत नाही हो ती. माया करते. मला तर रोज करते!”

थेरपिस्टबाई ऐकता ऐकता खाली बघू लागल्या. मग म्हणाल्या, “ताई, ती माया नाही. टिंगूला थांबवते ना, तसं ती तुम्हाला थांबवत होती. सगळ्यांनाच थांबवते आहे. चूक माझी आहे. थांबायला मी अशी खूण दिली, जी फक्त यंत्राला चालते.”

टकळीला हसू आलं. पुढच्या क्षणी तिचा चेहरा उतरला. इतके आठवडे पोर रोज येऊन सांगत होती, आई, पुरे. आणि आई तिचे पापे घेत होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने मनाशी ठरवलं, गप्प बसायचं. जेवताना तोंडाला कुलूप घातलं. भांड्यांचा आवाज येत राहिला. नवऱ्याने दोनदा तिच्याकडे बघितलं. तिचा पाय टेबलाखाली लटलट हलत होता. ठकू समोर बसून एकेक दाणा वेचून खात होती आणि टकळीला वाटू लागलं, आत्ता या शांततेत ती दूर जाईल, खूप दूर, आणि परत हाक ऐकूच येणार नाही. “भात संपला का? कोणाचा भात संपला?” तोंडाचा पट्टा सुटलाच. ठकूचा हात वर आला. टकळीने तो हळूच धरून टेबलावर ठेवला आणि बोलत राहिली.

केंद्रात थेरपिस्टबाईंनी उपाय सुचवला तो असा. टिंगूच्या डोक्यावरचा सेन्सर बंद करायचा. ठकू दाबेल, टिंगू थांबणार नाही. चार-पाच दिवस असं झालं की दाबण्याचा उपयोग नाही हे तिला कळेल आणि सवय सुटेल. “मग नवी खूण शिकवू. लाल तळव्याचं कार्ड. ते दाखवलं की थांबायचं. पण एका वेळी दोन गोष्टी नकोत, आणि सोमवार जवळ आलाय. आधी हे जाऊ दे.”

“आणि ते कार्ड येईपर्यंत ती थांब कसं म्हणणार?” टकळीने विचारलं.

बाई म्हणाल्या, “तेवढे दिवस काढावे लागतील.”

टकळीच्या डोळ्यांसमोर शाळेचं फाटक आलं, गणवेशातली ठकू आली. “करा,” ती म्हणाली. एकच शब्द बोलली ती, आणि तोही नको तिथे.

काचेमागची खोली चिंचोळी आहे. एक टेबल, लॅपटॉप, दोन खुर्च्या. इकडून तिकडचं दिसतं, तिकडून फक्त आरसा. टकळी खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. पर्स उघडली, काही न काढता बंद केली. “आधी दाबणं वाढेल बरं का,” मागे उभ्या बाई म्हणाल्या. “घाबरू नका. वाढतं आणि मग कमी होतं. आज ती एकटीच आहे टिंगूबरोबर, मीही आत जाणार नाही. माझ्याकडे वळली की सगळं मुसळ केरात.”

“बरं, बरं. पण ती दुपारी नीट जेवली नाहीये, आणि आज तिने मोज्यांवरून—”

“ताई, हळू बोला,” ऑपरेटर म्हणाला. “भिंत पातळ आहे.”

तिकडे टिंगू म्हणाला, “चला, चित्रं बघू. हे चित्र कोणाचं?” ठकूने चित्र बघितलं. “कुत्रा,” ती म्हणाली. “शाबास. हे चित्र कोणाचं?” टिंगू आज नेहमीपेक्षा भरभर बोलत होता. ठकूने दाबावं म्हणून तसंच ठरलं होतं. चौथ्या की पाचव्या चित्राला ठकूचे खांदे वर गेले. तिने हात उचलला आणि टिंगूच्या डोक्यावर ठेवला.

“हे चित्र कोणाचं?” टिंगू म्हणाला.

ठकूने हात काढला, पुन्हा ठेवला.

“छान. पुढचं चित्र बघू.”

तिने जोरात दाबलं. टिंगूची मान जराशी वाकली, गुंईऽऽ करत पुन्हा ताठ झाली आणि तो म्हणाला, “हे चित्र कोणाचं?” ठकूने आपला तळवा उलटा करून बघितला. फ्रॉकला पुसला. बोटं ताणून, एकेक बोट हलवून बघितलं. मग परत ठेवला. टिंगू बोलत होता. मग तिने दुसरा हात आणला. तोही पुसून घेतला होता.

“तिला वाटतंय तिचा हात बिघडलाय,” टकळी म्हणाली. “मॅडम, तिला वाटतंय तिचाच हात बिघडलाय.”

“थोडा वेळ,” बाई म्हणाल्या.

ठकूने दोन्ही हातांनी दाबलं, कोपर वापरलं, अंगाचा भार टाकला. “शाबास. पुढचं चित्र बघू,” टिंगू त्याच आनंदी सुरात म्हणाला. ती मागे सरली. खोलीच्या मधोमध उभी राहिली. मग तिने सावकाश उजवा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. दाबला. गुडघे दुमडले, खाली बसली, मान टाकली. अगदी टिंगू बसायचा तशी.

“शांत झाली,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “बघा. दाबणं बंद झालं.”

टकळी दाराशी पोचलीही होती. खुर्ची मागे आपटली. ऑपरेटर “ताई, ताई” म्हणत राहिला. पलीकडच्या खोलीचं दार तिने ढकललं आणि गुडघ्यांवर बसत सुरू झाली, “ठकू, ए राणी, उठ गं, काही नाही झालं, हात छान आहे तुझा, आईचंच चुकलं, आई आहे ना इथे, बघ, आई आली, आईकडे बघ, आपण घरी जाऊ, आपण—”

ठकूने मान वर केली नाही. आपल्या डोक्यावरचा हात तेवढा उचलला आणि चाचपडत आईच्या डोक्यावर ठेवला.

टकळी थांबली. वाक्य अर्ध्यावर सोडून थांबली. ‘आपण’च्या पुढचा शब्द तिच्या तोंडात तसाच राहिला, आणि तिने तो गिळला.

हात जागेवर राहिला.

“हे चित्र कोणाचं?” टिंगू म्हणाला. ठकूचे खांदे पुन्हा वर गेले. टकळीला ओरडायचं होतं, बंद करा रे ते! पण बोललं की संपलं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने आरशाकडे बघितलं. आरशात एक घामेजलेली बाई गुडघ्यांवर बसलेली आणि तिच्या डोक्यावर एक लहान हात, एवढंच होतं. तिने हात लांब केला आणि टिंगूच्या डोक्यावर तळवा ठेवला.

“छान. पुढचं चित्र बघू.”

तिने हात काढला नाही. आरशाकडे बघत तशीच बसून राहिली. तळव्याखाली टिंगूचं डोकं गरम लागत होतं. तो आणखी एक चित्र विचारून गेला, त्यानंतर आणखी एक. मग मधेच त्याचा आवाज तुटला. गुडघे दुमडून तो खाली बसला. काचेमागे ऑपरेटरने कळ दाबली होती. बाईंनी सांगितलं म्हणून, की न विचारता, ते कळायला मार्ग नव्हता.

खोलीत सामसूम झाली. ठकू दूर निघून चालली आहे ही जुनी भीती टकळीला पुन्हा वाटली. तेवढ्यात तिला काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक, नाकातून येणारं. एक सूर, मग त्याच्याखालचा, मग पुन्हा पहिला. ठकू गुणगुणत होती. जाहिरातीतलं गाणं नव्हतं, टकळीने शिकवलेलंही नव्हतं. पोरीचं स्वतःचं होतं. किती वर्षं ती हे गुणगुणत असेल आणि कोणाच्या आवाजाखाली ते बुडत असेल, हे टकळीला न विचारताच समजलं. तिला रडू फुटलं. तेही तिने आवाज न करता रडून घेतलं.

दार उघडून थेरपिस्टबाई आत आल्या आणि जरा अंतरावर फरशीवरच टेकल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताई, आज तुम्ही थांबलात. आता ही खूण तिच्यात पक्की होणार. सोमवारी वर्गात ती हेच करणार. शाळेला काय सांगायचं आपण?”

टकळीकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक उत्तर होतं. मुख्याध्यापिकांना काय सांगायचं, त्या मुलाच्या आईला काय सांगायचं, वर्गातल्या पोरांपुढे उभं राहून या हाताचा अर्थ कसा समजावायचा, आणि एवढं करूनही नाही म्हणाले तर त्यांच्या तोंडावर काय म्हणून बाहेर पडायचं, सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. पण ठकूचा हात अजून डोक्यावर होता. टकळीने ओठ घट्ट मिटले आणि बाईंकडे नुसती बघत बसली.